जुन्या लॅपटॉपवर हलका वेलँड डेस्कटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. दिल्ली-नोएडातल्या मराठी मंडळींनो, तेवढ्यासाठी नेहरू प्लेसला घेतलेला चार जीबी रॅमचा लॅपटॉप भंगारात काढू नका, त्यावर लिनक्स टाका!

लिनक्सवरच्या जुन्या एक्स-११मध्ये डिस्प्ले सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि खिडक्या जुळवून पडद्यावर दाखवणारा कंपोझिटर वेगवेगळे. २००८मध्ये सुरू झालेल्या वेलँडमध्ये ही सगळी कामं एकटा कंपोझिटर करतो, मधले हेलपाटे वाचतात. असा कंपोझिटर शून्यातून लिहिणं मात्र महाकठीण. त्यातलं बरंचसं अवघड काम डब्ल्यूएलरूट्स ही लायब्ररी उचलते. तिच्यावरच लॅबडब्ल्यूसी हा कंपोझिटर उभा आहे: एक्स-११वरच्या ओपनबॉक्स या विंडो मॅनेजरच्या वळणाचा, आणि ऑक्टोबर २०२४पासून रास्पबेरी पाय ओएसचा डिफॉल्ट.

लॅबडब्ल्यूसी पॅनेल, वॉलपेपर काहीच देत नाही, आणि मला तेच आवडतं. पॅनेलला वेबार, वॉलपेपरला स्वेबीजी, अ‍ॅप उघडायला फझल, टर्मिनलला फूट. यातली पहिली दोन नावं लॅबडब्ल्यूसीच्या ऑटोस्टार्ट फाइलीत लिहायची. फझल आणि फूटला मात्र शॉर्टकट द्यायचे.

मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअरही नको. लॅबडब्ल्यूसीच्याच एन्व्हायरन्मेंट फाइलीत इंग्रजीच्या जोडीला भारतीय लेआउट आणि त्याचा मराठी कगप व्हेरियंट लिहा. उच्चाराप्रमाणे टाइप होतं. अडलात तर कमेंटमध्ये विचारा, मी माझ्या फाइली देतो.