नहपानाच्या चेहऱ्यावरचा शिक्का

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे, की पांडवलेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची जी स्तुती कोरली आहे ती त्याच्या सख्ख्या आईने कोरून घेतलेली. मग ती खरी कशावरून मानायची? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर त्याच डोंगरात आणि तिथून जवळच सापडलेल्या चांदीच्या एका साठ्यात आहे, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

लेणं क्रमांक तीनमधला तो लेख महादेवी गौतमी बलश्रीचा. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि दिवंगत मुलाचं वर्णन दगडावर उतरवलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने शक, यवन, पह्लवांचा नाश केला आणि क्षहरातांचा वंश मुळासकट उपटून काढला, असं ती म्हणते. क्षहरात म्हणजे नहपान क्षत्रपाचं घराणं. आईने मुलाबद्दल आणि राजघराण्याने स्वतःबद्दल लिहिलेलं हे, तेव्हा एवढ्यावर इतिहास उभारता येत नाही.

पण याच लेण्यात दुसराही एक लेख आहे, आणि माझा जीव त्याच्यावर जास्त आहे. तो आहे सरकारी हुकूम. राज्याच्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या, म्हणजे नाशिक परिसराच्या, अमात्याला कळवलं, की कखडी गावातलं २०० निवर्तनांचं शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते आता भिक्षूंना द्यावं. उषवदात हा नहपानाचा जावई. याच डोंगरातल्या दहाव्या लेण्यात त्याची दानं कोरलेली आहेत. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि त्यांच्या इतर गरजांसाठी दुसऱ्या श्रेणीकडे १००० शेकडा पाऊण दराने कायम ठेव म्हणून ठेवले होते. ज्याची या मुलखात एवढी सावकारी, त्याची जमीन दुसराच राजा वाटून देतो आहे. सातबाऱ्यावर फेरफार पडावा तशी ही नोंद आहे. तिच्यात तीन समुद्र नाहीत आणि वंशाचा उच्छेदही नाही. लिहिणाऱ्याला कुणाला दिपवायचं नव्हतं, म्हणूनच ती इतकी मोलाची.

पुढे तर कमालच आहे. २४ व्या वर्षी दुसरा हुकूम निघाला. दिलेलं शेत कुणी कसत नाही, गावही वसलेलं नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. गाव का उठलं होतं ते हुकूम सांगत नाही. पण सत्ताबदलानंतर सहा वर्षांनी एका पडीक शेताची तक्रार राजापर्यंत पोचते आणि ती दगडावर कोरली जाते, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारभाराचं किती जिवंत चित्र आहे!

आता चांदीकडे वळू. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी! एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठीतलं नाव. पण यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर पुन्हा ठोका मारलेला आहे. नहपानाच्या गालावर, कपाळावर सातवाहनांचं कमानींच्या डोंगराचं चिन्ह उमटलेलं, मागे उज्जैनी चिन्ह, आणि कडेने गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव.

या नाण्यांसमोर मी दर वेळी थबकतो. उत्खननात खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा पहिला नियम. इथे तो नियम नखाएवढ्या चकतीवर पाळला गेला आहे. वरचा ठसा खालच्याच्या नंतरचाच असणार, याला कुठल्याही राजकवीच्या साक्षीची गरज नाही. शिवाय ही नाणी वितळवून नवी पाडलेली नाहीत, आहेत तशीच शिक्का मारून चलनात आणलेली आहेत. यावरून दोन गोष्टी निघतात. जिंकणाऱ्याच्या हाती शत्रूची चांदी मोठ्या प्रमाणावर आली होती, आणि बाजारात त्या वजनाच्या नाण्यावर लोकांचा विश्वास बसलेला होता. साठ्यावर १९०८ मध्ये लिहिणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे सगळे चेहरे एकाच माणसाचे वाटत नाहीत. वय वेगळं, नाक वेगळं, नाव मात्र एकच, नहपान. हे कोडं आजही अभ्यासकांना खुणावतं.

तिसरा साक्षीदार परका आहे. ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराचा वृत्तांत लिहिणारा अनाम ग्रीक व्यापारी सांगतो, की कल्याणच्या बंदरात व्यापाराला अडथळे आहेत आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात क्षत्रपांच्या भडोचला नेली जाऊ शकतात. त्याला ना सातवाहनांचं कौतुक, ना क्षत्रपांचं. आपला माल सुखरूप उतरावा एवढीच त्याची चिंता. भांडण बंदरांचंही होतं, हे त्याच्या या वाक्यांतून कळतं.

हा सगळा धागा जुळवताना ज्या माणसाचं नाव सर्वांत आधी यायला हवं, ते फारसं घेतलंच जात नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी. १८३९ साली जुनागढला जन्म, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे काम, आणि लेण्यालेण्यांत हिंडून शिलालेखांच्या नकला. नाणेघाटातले आकडे त्यांनी उलगडले, १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला, आणि नाशिकचे हे लेख वाचून १८८३ च्या गॅझेटियरसाठी मांडले. इंग्रजीवर पकड नसल्यामुळे ते गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान त्याचं भाषांतर करत. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. क्षत्रपांची नाणी त्यांनी आयुष्यभर जमवली आणि मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिली. १८८८ मध्ये ते गेले, जोगलटेंभीचा साठा निघाला त्याच्या १८ वर्षं आधी. ती नाणी त्यांच्या हाती पडायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

मग बलश्रीचं सगळंच खरं का? नाही. क्षहरात संपले, पण क्षत्रप संपले नाहीत. शके ७२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, जुनागढच्या खडकावर महाक्षत्रप रुद्रदामन लिहितो, की त्याने दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवलं आणि जवळच्या नात्यामुळे सोडून दिलं. ही पुन्हा बढाईच. पण मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे, आणि ती एका महाक्षत्रपाची मुलगी. त्याच्या नावाचं ‘रु’ हे अक्षर शिल्लक आहे. दोन शत्रूंचे लेख सोयरिकीवर एकमत होतात, तेव्हा तेवढा भाग धरून चालायला हरकत नाही. जय-पराजयाच्या आकड्यांबाबत मात्र हात राखलेला बरा.

म्हणून ‘एका नाण्याने इतिहास बदलला’ अशा मथळ्यांवर माझा विश्वास नाही. जोगलटेंभीचं एकच नाणं सापडलं असतं, तर तो एखाद्या सोनाराचा उद्योग म्हणून सोडून द्यावा लागला असता. हजारो नाणी एकत्र मिळाली आणि मोजली गेली, म्हणून ती बोलली. आजही नांगरताना किंवा पाया खणताना असे साठे निघतात आणि सराफाच्या मुशीत जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार अशा वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे, आणि त्यात शोधणाऱ्याच्या हिश्शाचीही तरतूद आहे. कुणाच्या शेतात मडकं निघालं, तर नाणी घासूनपुसून लख्ख करू नका, आपसात वाटून घेऊ नका. मडक्यासकट, सगळी एकत्र ठेवा आणि कळवा.