मच्छरदाणीचं कापड आणि सर्जनांचं संमेलन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

थंडी पडू लागली, कापसाची वेचणी सुरू झाली की संमेलनांचे दिवस येतात. आम्हा कवींची संमेलनं असतात, तशी शल्यचिकित्सकांचीही असतात. ‘असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया’ ही त्यांची देशभरची संघटना १९३८ सालची. तिची वार्षिक परिषद बहुधा डिसेंबरात भरते. महाराष्ट्र शाखेची वेगळी परिषद असते. तिथे निबंध वाचतात, चालू शस्त्रक्रिया पडद्यावर दाखवतात, बाहेर कंपन्यांचे स्टॉल लागतात. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. मला तिथे कोण बोलावणार? तरी या परिषदेकडे माझे कान असतात. कारण माझे मामू.

मामू जिनिंगमध्ये हमाली करायचे. त्यांच्या जांघेत गाठ आली. खोकलं की फुगायची, आडवं झालं की आत जायची. याला हर्निया म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द अंतर्गळ. पोटाच्या स्नायूंची भिंत एखाद्या जागी विरते आणि आतडं तिथून बाहेर डोकावतं. ही भिंत गोळीनं सांधत नाही. मामूंनी लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही, लंगोट कसून बांधला आणि पोती उचलत राहिले. लंगोट गाठ दाबतो, बरी करत नाही. आतडं त्या भोकात अडकलं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर मग काही तासांचाच अवधी असतो.

पूर्वी सर्जन भोकाच्या दोन्ही कडा ओढून टाके घालत. विरलेलं धोतर ताणून शिवलं तर काय होतं, ते आमच्या नानीनंही सांगितलं असतं. टाक्याशेजारीच पुन्हा फाटतं. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. लिक्टेनस्टाइन यांनी ठिगळाची रीत रूढ केली. कडा ओढायच्या नाहीत. वर कृत्रिम धाग्याची बारीक जाळी बसवायची. शरीराचा मांसतंतू त्या जाळीतून वाढतो आणि भिंत भक्कम होते. शिंप्याचीच अक्कल ही, पण तिनं हर्नियाची शस्त्रक्रिया बदलून टाकली.

अडचण होती जाळीच्या किमतीची. डॉक्टरांनी मामूंना सगळं नीट समजावलं होतं. जाळीचा भाव ऐकून मामू उठले, “पुढच्या हंगामात बघू” म्हणाले आणि एसटीनं परत आले. पुढच्या हंगामाआधीच एका रात्री आतडं अडकलं. ते वाचले, पण आतड्याचा तुकडा काढावा लागला. त्यानंतर त्यांनी पोतं उचललं नाही.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांचं काम मला फार उशिरा कळलं. महागडी जाळी ज्या जातीच्या प्लास्टिकची, जवळपास त्याच जातीच्या धाग्याचं मच्छरदाणीचं कापड बाजारात मिळतं, हे त्यांनी हेरलं. ते निर्जंतुक करून वापरलं. इतर ठिकाणच्या सर्जनांनाही सोबत घेतलं आणि सगळ्यांचा अनुभव २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. काहींना स्वस्त मच्छरदाणीची जाळी, काहींना कंपनीची. वर्षभरानं पाहिलं, तर स्वस्त जाळीच्या गटात एकालाच हर्निया उलटला होता, दुसऱ्या गटात कुणालाच नाही. म्हणजे धरण्यासारखा फरक नव्हता. हे निष्कर्ष २०१६ साली अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. (घरातली मच्छरदाणी कापून कुणी दवाखान्यात नेऊ नये. कीटकनाशक लावलेली तर मुळीच नाही. कापड कोणतं, ते किती तापवायचं, हे ठरवणं डॉक्टरांचं काम.)

आता परिषदेकडे येतो. खेड्यातल्या सर्जनला जे सुचतं ते चार सर्जनांसमोर मांडलं जावं, त्यावर कडक प्रश्न यावेत, चूक असेल तर तिथेच टाकून द्यावं आणि बरोबर असेल तर ते यवतमाळपर्यंत पोचावं, यासाठी ही संमेलनं असतात. नाहीतर चांगली युक्ती एका गावातच राहते. ग्रामीण सर्जनांनी म्हणूनच आपली वेगळी संघटना काढली. तरी मोठ्या मांडवात त्यांना जागा किती मिळते, ही शंका माझ्या मनातून जात नाही. आमच्या यवतमाळला २०१९च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. संमेलनांमधली एक गोष्ट आम्हा कवींना चांगली ठाऊक असते: कुणाला कोणत्या वेळी माइक मिळतो, त्यावर बरंच ठरतं. मोठी नावं भरल्या मांडवात, आमच्यासारखे खुर्च्या उचलताना.

आज सर्जनांच्या परिषदांत यंत्रमानवानं होणाऱ्या शस्त्रक्रियांची चर्चा असते. ती जरूर व्हावी. पण लोहाऱ्याहून बघताना मला वेगळं विचारावंसं वाटतं. तालुक्याच्या ठिकाणी भूल देणारा डॉक्टर रात्री मिळेल का? रक्त किती वेळात येईल? आणि जाळीचा भाव ऐकून उठून जाणाऱ्या माणसाला परत कसं बसवायचं?

यंदाच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका आली की एका डॉक्टर मित्राकडून मागून घेणार आहे. हर्नियाचं सत्र कोणत्या सभागृहात आणि किती वाजता आहे, तेवढं आधी बघेन.