दुधानं तहान भागते का? आधी पाण्याचा हिशेब बघा

उन्हाळा तापला की 'पाण्यापेक्षा दूध शरीरात जास्त वेळ टिकतं' असे मेसेज मोबाईलवर फिरू लागतात. गोष्ट अगदीच खोटी नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये ७२ पुरुषांना वेगवेगळी पेयं एकेक लिटर पाजून पाहिली. पाण्याच्या मानानं दूध प्यायल्यावर पुढच्या काही तासांत लघवी कमी झाली. दुधात साखर, प्रथिनं, स्निग्धांश आणि क्षार असतात, त्यामुळे ते पोटातून हळूहळू पुढं सरकतं. पण ही माणसं आरामात बसलेली होती, भर उन्हात कांदा काढत नव्हती.

डेअरीला दूध घालणाऱ्याला यातला हिशेब लगेच कळेल. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागलं, म्हणजे शंभरातलं ८८ टक्के पाणीच. म्हशीचं ६ आणि ९ धरलं तरी ८५ टक्के पाणी. पैसे मिळतात ते उरलेल्या भागाचे, आणि अंगी लागतो तोही तोच भाग. प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२ जीवनसत्त्व सगळं त्यातच. म्हणून दूध हे अन्न आहे. म्हशीचं लिटरभर दूध म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात चार-पाच भाकरी. उन्हात राबणाऱ्याला दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज लागतं, तेवढी तहान दुधावर कशी भागवणार?

खरी अडचण वेगळीच आहे. खुरपणीला गेलेल्या बायका दिवसभर पाणीच कमी पितात. रानात आडोसा नसतो, लघवीला जायचं कुठं? मग कळशी बांधावर तशीच राहते. उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, पुढं मुतखडाही होऊ शकतो.

आणि मुतखडा निघाला की घरात पहिलं काय बंद होतं? दूध. हा मोठा गैरसमज आहे. सर्वांत जास्त आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. दूध-ताक तोडलं तर उलट ऑक्झलेट रक्तात जास्त शिरतं. खड्याच्या माणसानं वाढवायचं ते पाणी, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजावं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

आता लेकरांचं. दावणीला दोन म्हशी असतात, पण चरवीतलं सगळं दूध डेअरीला जातं आणि पोरांच्या वाट्याला कोरा चहा येतो. पगाराचं गणित कुणालाच चुकत नाही, तरी रोज पेलाभर दूध घरात ठेवायला हरकत नाही. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, चहाच्या पाण्यात काहीच नसतं. दूध पचत नसेल तर दही-ताक बऱ्याचदा चालतं.

उलटंही घडतं. दोन वर्षांचं पोर दिवसभर दुधावरच राहतं आणि भाकरी-भाजीला तोंड लावत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं, त्यामुळे असं गुटगुटीत दिसणारं मूलही पांढरं पडतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर फक्त आईचं दूध. उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. मोठ्या मुलांना जुलाब लागले तर ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळायची, दुधात नाही.

धारोष्ण दूध ताकदीचं, असं जुनी माणसं म्हणतात. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो. ताप येत-जात राहतो, सांधे धरतात आणि निदान लवकर होत नाही. ज्या गोठ्यात गाईनं किंवा म्हशीनं शेवटच्या महिन्यांत गाभ टाकला असेल, तिथं जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि दूध चांगलं उकळल्याशिवाय कुणालाही प्यायला देऊ नये.