कोकणातील हस्तकला आणि बाजार (लेखांक ६) : गुहागर आणि छायाचित्र-भेटकार्ड

छायाचित्र-भेटकार्ड म्हणजे घडी घातलेल्या जाड कागदाच्या दर्शनी पानावर छायाचित्राची प्रत हाताने बसवून, आतील पान मजकुरासाठी कोरे ठेवून आणि जोडीला लिफाफा देऊन विकले जाणारे कार्ड होय. छापील भेटकार्डापासून ते दोन बाबतींत वेगळे पडते : ते यंत्रावर हजारोंच्या संख्येने निघत नाही, आणि त्याचा निर्माता, प्रकाशक व विक्रेता ही बहुधा एकच व्यक्ती असते. यांपैकी दुसऱ्या वेगळेपणाचे परिणाम अधिक दूरवर पोहोचतात, म्हणून प्रस्तुत लेखांकात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

व्यापारी भेटकार्डाचा आरंभ १८४३ साली लंडनमध्ये झाला असे मानले जाते. हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे चित्र काढून घेऊन त्याच्या प्रती विक्रीस ठेवल्या. भारतात १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या फोटोटाइप कंपनीसारख्या प्रकाशकांची सचित्र पोस्टकार्डे सर्वत्र जाऊ लागली; जे. जे. कलाशाळेतील महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची चित्रेही त्या काळी पोस्टकार्डांच्या रूपाने लोकांपर्यंत पोहोचली. या व्यवहारात कलावंत आणि ग्राहक यांच्यामध्ये प्रकाशक उभा असे. कोणते चित्र लोकांना रुचेल हे तो ठरवी, भांडवल घाली आणि न खपलेल्या मालाचा तोटाही सोशी. स्वतंत्र कलाकार या प्रकाशकाला बाजूला सारतो खरा, परंतु प्रकाशकाची ही तिन्ही कामे त्यामुळे त्याच्याच अंगावर येतात.

त्यांतील पहिले काम, म्हणजे चित्राची निवड, गुहागरात वाटते तितके सोपे नाही. सुरूच्या झाडांनी कडा धरलेला लांबलचक पुळणीचा किनारा आणि समुद्रात बुडणारा सूर्य हे दृश्य येथे येणारा प्रत्येक प्रवासी आपल्या मोबाइलमध्ये टिपून घेतो, आणि जे स्वतःजवळ आहे तेच तो पैसे देऊन पुन्हा घेईल ही अपेक्षा व्यर्थ ठरते. विकण्याजोगे चित्र ते, जे दोन दिवसांच्या मुक्कामात हाती लागत नाही : वरचा पाट किंवा खालचा पाट या वस्त्यांत अंगणभर वाळत घातलेल्या सुपाऱ्या, पहाटे किनाऱ्यावर ओढून घेतली जाणारी होडी, श्रावणात कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या, शिमग्यात नाचवली जाणारी पालखी. वर्षभर गावात राहणे हेच येथील कलाकाराचे खरे भांडवल आहे, आणि बाहेरून येणाऱ्या कोणत्याही अधिक कुशल छायाचित्रकाराकडे ते नसते.

निवडीचा दुसरा निकष ग्राहकाच्या स्वभावातून येतो. भेटकार्ड विकत घेणारा एक असतो आणि ते ज्याच्या हाती पडते तो दुसरा असतो. म्हणून चित्र सुंदर असणे पुरेसे नसून ते त्या दोघांमधील नात्याला काहीतरी सांगणारे असावे लागते. गुहागरचे श्री व्याडेश्वर हे अनेक कोकणस्थ घराण्यांचे कुलदैवत आहे, आणि लग्नमुंजीनंतर दर्शनाला येणारी ही कुटुंबे आज पुण्यामुंबईपासून परदेशापर्यंत पसरलेली आहेत. त्यांना गावातील देवळाची खूण दूरच्या नातेवाइकास पाठवावीशी वाटते. गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारे चाकरमानी हा दुसरा वर्ग होय, तर धोपावे–दाभोळ आणि तवसाळ–जयगड या फेरीबोटींनी दापोली व गणपतीपुळ्याकडून उतरणारे पर्यटक हा तिसरा. पर्यटकांची संख्या मोठी असली तरी पाठवण्यासाठी कार्ड घेण्याचे कारण पहिल्या दोन वर्गांकडे अधिक बळकट असते, आणि कलाकाराने आपला माल प्रथम त्यांच्यासाठी बेतावा हे श्रेयस्कर. येथे एक पथ्य मात्र पाळावे लागते. गाभाऱ्यातील मूर्तीचे चित्र देवस्थानाच्या परवानगीवाचून घेऊ नये, आणि परवानगी असली तरी ते कार्डावर छापावे की नाही याचा विचार करावा, कारण कार्ड आज ना उद्या रद्दीत जाते आणि देवाचे चित्र रद्दीत जाणे भाविकाच्या मनाला लागते. शिखर, दीपमाळ किंवा प्रांगणातील सकाळचे ऊन यांची चित्रे हा प्रश्नच उद्भवू देत नाहीत.

कार्डाच्या मागील बाजूस छापावयाच्या दोन ओळींकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, हे खेदाचे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या दोन कासविणींच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवण्यात आली आणि त्यांना ‘बागेश्री’ व ‘गुहा’ अशी नावे देण्यात आली; त्यांपैकी बागेश्री पुढे श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ही हकीकत मागे छापलेले कासवाच्या पिल्लाचे कार्ड आणि केवळ ‘शुभेच्छा’ असे छापलेले तेच कार्ड यांच्या मोलात फार अंतर पडते. अर्थात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या या प्राण्याचे छायाचित्र वन विभागाचे नियम पाळून, आणि फ्लॅश न वापरताच घेतले पाहिजे. कृत्रिम उजेडाने पिल्ले समुद्राची दिशा चुकतात.

आता हाताच्या कामाकडे वळावे. चिपळूणसारख्या ठिकाणच्या लॅबमधून प्रती काढून आणून त्या कार्डावर चिकटवणे ही रूढ पद्धत आहे, आणि तीत हाताचा वाटा कापणे, घडी घालणे व चिकटवणे एवढाच उरतो. याहून वेगळा एक मार्ग आहे, तो सायनोटाइपचा. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या प्रक्रियेत फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या दोन क्षारांची द्रावणे समभाग मिसळून मंद उजेडात कागदावर ब्रशने लावतात, कागद अंधारात वाळवतात, त्यावर पारदर्शक पटलावर छापलेली निगेटिव्ह ठेवून काचेखाली उन्हात धरतात आणि नंतर पाण्याने धुतात. उन्हातील अतिनील किरणांनी लोहक्षाराचे रूपांतर होऊन जेथे प्रकाश पोहोचला तेथे प्रशियन निळा रंग तयार होतो आणि उरलेले क्षार धुऊन जातात. निगेटिव्हऐवजी सुरूची डहाळी, नेचाचे पान किंवा समुद्रशैवाल ठेवले तर कॅमेऱ्यावाचूनही प्रतिमा उमटते. पुण्यात १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी चिंध्यांपासून बनणारा कागद या कामाला शोभून दिसतो. मात्र त्यात खडूसारखा अल्कधर्मी पदार्थ मिसळलेला नाही याची खात्री करून घ्यावी, कारण अल्काने हा निळा रंग फिकटतो. रसायने हाताळताना हातमोजे घालावेत आणि त्यांसाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. ऑक्टोबरापासून मे महिन्यापर्यंत गुहागरला उन्हाची ददात नाही, आणि कोणतीही दोन कार्डे तंतोतंत सारखी निघत नसल्यामुळे हस्तनिर्मितीचा दावा येथे पूर्णपणे खरा ठरतो. अशा कार्डाला अधिक किंमत मागणे सर्वस्वी न्याय्य आहे.

कोकणातील हवा मात्र कागदाची वैरीण आहे. पावसाळ्यात दमट झालेली छायाचित्रे प्लॅस्टिकच्या आवरणाला चिकटतात, पिठाच्या खळीने चिकटवलेल्या कार्डांना कसर लागते आणि स्टेपलच्या पिना गंजून डाग पाडतात. यावर उपाय म्हणून चिकटवण्याऐवजी पानाला चार कोपऱ्यांवर तिरप्या खाचा पाडून छायाचित्र त्यांत खोवावे. त्यामुळे कागद सुरकुतत नाही आणि ज्याला कार्ड मिळते त्याला छायाचित्र काढून अल्बममध्येही ठेवता येते. जाड कागदाची घडी त्याच्या तंतूंच्या दिशेने, म्हणजे कारागीर ज्याला ग्रेन म्हणतात तिच्या अनुरोधाने, आधी बोथट हत्याराने रेघ ओढून घातली तर ती फुटत नाही.

आकार ठरवताना टपालाचा विचार विसरता कामा नये. कागदाची जाडी जीएसएम या मापाने, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधील वजनाने, सांगतात. ए-४ आकाराचा ताव हा चौरस मीटरचा सोळावा भाग असल्याने ३०० जीएसएमचा एक ताव सुमारे १९ ग्रॅम भरतो. पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असल्यामुळे असा पूर्ण ताव दुमडून केलेले कार्ड छायाचित्र व लिफाफा मिळून दुसऱ्या टप्प्यात जाते. तेच कार्ड २५० जीएसएमच्या अर्ध्या तावाचे केले तर ताव सुमारे ८ ग्रॅम, साडेतीन बाय पाच इंची छायाचित्र सुमारे ३ ग्रॅम आणि लिफाफा ४ ते ५ ग्रॅम असे एकूण वजन १६ ग्रॅमच्या आत राहते.

किमतीच्या बाबतीत कलाकाराची सर्वांत मोठी हानी स्वतःचा वेळ न मोजल्याने होते. उदाहरणादाखल, कागद, प्रत, लिफाफा व आवरण यांचा खर्च २२ रुपये धरला, वीस मिनिटांच्या कामाचे तासाला १२० रुपयांप्रमाणे ४० रुपये धरले आणि खराब होणाऱ्या मालापोटी ६ रुपये ठेवले, तर कार्ड ६८ रुपयांना पडते. ते १०० रुपयांना दुकानात ठेवले आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले तर कलाकाराच्या हाती ७० रुपये येतात, म्हणजे नफा अवघा २ रुपये. म्हणून दुकानाची किंमत वाढवणे, किंवा काही माल घरगुती निवासांतून व जत्रांतून स्वतः विकणे, याला पर्याय नसतो. परंतु स्वतः विकताना दुकानापेक्षा कमी भाव लावू नये, अन्यथा दुकानदार पुन्हा माल ठेवून घेत नाही. गावातील बहुतेक दुकानदार नवख्याचा माल विकत न घेता ‘विकले गेले की पैसे’ या बोलीवर ठेवतात, तेव्हा ठेवलेल्या कार्डांची संख्या, भाव आणि हिशेबाची तारीख दोन प्रतींत लिहून दोघांनी सही करावी, आणि पावसाळा लागण्यापूर्वी उरलेला माल परत आणावा.

अशा छोट्या व्यवसायाची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि बँकेच्या कामी ती उपयोगी पडते. अधिक जपावयाचा हक्क आहे तो छायाचित्रावरील. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती त्याची कर्ती मानली जाते आणि तिच्या हयातभर आणि मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे तो हक्क टिकतो. देवळाच्या वा घराच्या वास्तूचे छायाचित्र घेतल्याने वास्तुरचनेवरील प्रताधिकाराचा भंग होत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र, विशेषतः बाजारात मासळी विकणाऱ्या स्त्रिया व मुले यांच्या बाबतीत, विक्रीच्या हेतूची स्पष्ट कल्पना देऊन संमती घेणे आणि नंतर त्यांच्या चित्राचे एक कार्ड त्यांना देणे हे कलाकाराचे कर्तव्य होय. कुलदैवताच्या दर्शनाला आलेले एखादे कुटुंब पैसे देऊन स्वतःची छायाचित्रे काढवून घेते आणि त्यांची आभारकार्डे मागते, तेव्हा वेगळा करार नसल्यास त्या छायाचित्रांच्या प्रताधिकाराचे पहिले मालक ते कुटुंब ठरते; त्यांतील एखादे चित्र पुढे आपल्या संग्रहात विकण्याची इच्छा असेल तर तसा उल्लेख मागणीच्या पावतीवरच, आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी, करून घ्यावा लागतो.