पहिल्या पीसीला कूलर कोणता? आधी खोलीचं तापमान बघा

माझा आतेभाऊ अकोल्याला राहतो. या सुट्टीत तो पहिल्यांदा स्वतःचा पीसी जोडणार आहे. परवा त्याचा मेसेज आला, "दादा, कूलर कोणता घेऊ?" मी लिहिलं, "खिडकीत लावलाय की!" तो चिडला. पण खरं सांगू? प्रोसेसरचा कूलर निवडताना माझं पहिलं गणित चुकलं, त्याचं मूळ याच गमतीत होतं.

खिडकीतला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो. प्रोसेसरचा कूलर हवा थंड करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता उचलतो आणि खोलीतल्या हवेत सोडतो, बस. म्हणजे खोली ४० अंशांवर असेल तर साधा कूलर प्रोसेसरला ४० च्या खाली आणूच शकत नाही.

तुमच्या फोनचंच बघा. उन्हाळ्यात अर्धा तास गेम खेळलात की फोन तापतो आणि गेम अडखळायला लागतो. फोनमध्ये सहसा पंखा नसतो, म्हणून चिप स्वतःच वेग कमी करून जीव वाचवते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. पीसीतही हेच होतं. कूलर कमी पडला तर प्रोसेसर लगेच जळत नाही, पण ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेग मिळत नाही.

माझं गणित कुठे चुकलं?

माझ्या पहिल्या पीसीत रायझन ५ ५६०० होता. त्याच्या बॉक्समध्येच एएमडीचा रेथ स्टेल्थ नावाचा छोटा कूलर येतो. डिसेंबरात खोली २४ अंशांवर होती, गेम खेळताना प्रोसेसर ७३ पर्यंत जायचा. मी खूश! मे महिन्यात खोली ३९ झाली आणि आकडा ८८ वर गेला. कूलर बिघडला असं वाटलं. पण वजाबाकी करून बघा: दोन्ही वेळा फरक ४९ अंशांचाच. कूलर आपलं काम तितकंच करत होता, खोली मात्र १५ अंशांनी वर गेली होती. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. म्हणजे मी अगदी काठावर होतो.

म्हणून रिव्ह्यू बघताना नुसतं "६५ अंश" ऐकून हुरळून जाऊ नका. टेस्ट कोणत्या तापमानाच्या खोलीत झाली ते बघा. एसीत २३ अंशांवर झाली असेल, तर तुमच्या ४० अंशांच्या खोलीसाठी त्यात साधारण १७ मिळवा.

दुसरी चूक जास्त महागात पडली. घाईघाईत मी १५९ मिलिमीटर उंचीचा टॉवर कूलर आणला. बसवला, पेस्ट लावली, आणि कॅबिनेटची बाजूची काच बंदच होईना. माझ्या कॅबिनेटमध्ये जागा होती १५० मिलिमीटर. पेस्ट लागलेला माल दुकानदार परत घेईना, आणि त्याचंही चूक नव्हतं. शेवटी मित्राला अर्ध्या किमतीत दिला. शिकवणीचे जमवलेले पैसे होते, त्यामुळे ते अजून लक्षात आहे.

विकत घेण्याआधी चार गोष्टी तपासा

१. बॉक्समध्ये कूलर आहे का? रायझन ५ ५६०० आणि ७६०० सोबत मिळतो, ७६००एक्स सोबत नाही. इंटेलच्या आय५-१२४००एफच्या बॉक्समध्ये असतो, पण नावात 'के' असलेल्या कोअर प्रोसेसरसोबत अलीकडच्या पिढ्यांत येत नाही. आणि स्वस्तात 'ट्रे' पीस मिळाला तर त्यात बॉक्सही नसतो आणि कूलरही नसतो. तो खर्च आधीच धरा.

२. प्रोसेसर खरंच किती वॅट खातो? १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण तो बेस आकडा आहे. पूर्ण जोरात तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. रायझन ५ ७६०० वरही ६५ लिहिलंय, त्याची मर्यादा ८८ वॅट आहे. कूलर या मोठ्या आकड्यासाठी घ्यायचा.

३. सॉकेट कोणतं? एएमडीचं एएम४ किंवा एएम५, इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी एलजीए १७००. कूलरच्या यादीत तुमच्या सॉकेटचं नाव हवंच. जुना कूलर वापरणार असाल तर त्याची पट्टी नव्या सॉकेटला बसते का ते विचारा.

४. उंची किती? कॅबिनेटच्या माहितीत 'सीपीयू कूलर हाइट' शोधा. १२० मिलिमीटरचा पंखा असलेले टॉवर कूलर बहुधा १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात. दोन-चार मिलिमीटर मोकळे राहू द्या. पंखा रॅमवर टेकत नाही ना, हेही बघा.

मग घ्यायचा कोणता?

६५ वॅटवाला प्रोसेसर, एसी किंवा थंड हवेची खोली, अभ्यास आणि अधूनमधून गेमिंग असेल तर बॉक्समधला कूलर पुरतो. आवाज थोडा होईल, पण पैसे वाचवून एसएसडी मोठी घ्या.

तोच प्रोसेसर, पण खोली नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्याची आणि रोज तासन्‌तास गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर टॉवर कूलर घ्या. त्यातल्या तांब्याच्या नळ्यांमध्ये थोडंसं द्रव असतं. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, वर पात्यांपाशी ती थंड होऊन परत द्रव होते आणि खाली येते. हे चक्र चालू राहतं. मी शेवटी ९२ मिलिमीटर पंख्याचा बुटका टॉवर घेतला. त्याच मे महिन्यात ८८ चे ७७ झाले.

लिक्विड कूलर? दिसायला भारी, पण तोही उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत सोडतो. शिवाय पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग. जास्त वॅट खाणारा प्रोसेसर नसेल तर पहिल्या पीसीत त्याची गरज नाही.

बसवताना

कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं, ते आधी काढा. पेस्ट आधीच लावलेली नसेल तर वाटाण्याएवढी पुरे. स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे फिरवा. पंख्याची वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावा. एएम४ वर कूलर काढताना सरळ ओढलात तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून प्लग काढा, मग हलकेच फिरवून सोडवा.

आणि हो, खिडकीतल्या कूलरचा झोत थेट पीसीवर येऊ देऊ नका. त्यासोबत पाण्याचे थेंब उडतात, आणि ओलसर धूळ पात्यांवर घट्ट बसते.

आतेभावाला मी कूलरचं नाव अजून सांगितलेलं नाही. आधी कॅबिनेटची उंची आणि दुपारी तीन वाजता खोलीचं तापमान मोजून पाठव म्हटलंय. ते दोन आकडे आले की निम्मी यादी आपोआप गळेल.