सिकलसेलग्रस्त गर्भवतीची वेदना व तिचे व्यवस्थापन

प्रस्तावना

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असून महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, अमरावती, नंदुरबार आदी जिल्ह्यांत तो प्रकर्षाने आढळतो. आदिवासी समाजाप्रमाणेच विदर्भातील अनुसूचित जातींमध्येही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरी परिसरातील आदिवासींमध्ये झाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून रक्ततपासणीची चर्चा पुष्कळ होते. परंतु निदान झालेली मुलगी पुढे माता होऊ घातली की तिच्या दुखण्याचे काय करावे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात त्याच बाजूचे विवेचन केले आहे.

वेदनेचे स्वरूप

या आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी ताठर होऊन विळ्याचा आकार घेते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यापुढील भागास रक्त मिळत नाही आणि हाडे, सांधे, पाठ, छाती यांत तीव्र कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्तक्षयही कायमचा. ज्यांचा अहवाल ‘एएस’ म्हणजे वाहक असा येतो त्यांना सहसा हा त्रास नसतो. येथील विवेचन ‘एसएस’ स्त्रियांविषयी आहे.

गर्भारपणात शरीराची प्राणवायूची गरज वाढते, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, उलट्यांमुळे पाणी कमी होते. परिणामी वेदनेचे झटके अधिक वेळा येतात, विशेषतः अखेरच्या तिमाहीत व प्रसूतीनंतर. बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरात ते ‘वाताचे दुखणे’ ठरते, क्वचित कामचुकारपणाही ठरतो. लग्न मोडेल या भीतीने माहेरच्यांनी अहवाल लपविला असेल तर ती स्त्री गोळ्याही लपूनच घेते. वैद्यकीय उपचारांची खरी अडचण पुष्कळदा येथूनच सुरू होते.

उपचारातील पेच

झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भधारणेच्या किमान ३ महिने आधी थांबविण्याचा सल्ला प्रचलित आहे. याचाच अर्थ गर्भधारणा नियोजित हवी. गर्भ राहिल्याचे उशिरा कळले तर औषध मनाने सोडण्यापेक्षा तत्काळ डॉक्टरांना भेटणे इष्ट. सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मात्र गावातील दुकानात सहज मिळतात, आणि धोका तेथेच आहे. २० आठवड्यांनंतर त्यांमुळे गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल घटू शकते. पुढे गर्भाच्या हृदयालगतची एक आवश्यक रक्तवाहिनी अकाली बंद होण्याचाही धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याविषयी इशारा दिला आहे.

तीव्र झटक्यात रुग्णालयच हवे. तेथे पोहोचल्यापासून ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक मिळावे, असे ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्व सांगते. मॉर्फिन देखरेखीखाली देता येते. पेथिडिन आकडीच्या धोक्यामुळे टाळतात. ताप, धाप किंवा छातीत दुखणे ही लक्षणे असतील तर तो नेहमीचा झटका समजून घरी थांबणे घातक ठरू शकते.

लोहाच्या गोळ्यांचा मुद्दा स्वतंत्रपणे नोंदविण्यासारखा आहे. आपल्याकडे प्रत्येक गर्भवतीस ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. सिकलसेलमधील रक्तक्षय पेशी फुटल्यामुळे होतो; वारंवार रक्त चढविलेल्या स्त्रीच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. त्यामुळे लोह तपासून द्यावे, आणि फॉलिक आम्लाची मात्रा मात्र रोज ५ मिलिग्रॅम असावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. सरसकट योजनेत अशी स्त्री सहज हरवते.

कुटुंब व परिसर

पतीची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. तो वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता ५० टक्के, निरोगी असल्यास अपत्य केवळ वाहक राहते. महाविद्यालयीन विद्यार्थिनींचे वय पाहता ही माहिती प्रसूतिगृहाआधी वर्गात पोहोचणे अधिक उपयोगाचे.

दैनंदिन काळजी साधी आहे, पण परिस्थिती ती साधू देतेच असे नाही. भरपूर पाणी, ऊन व थंडीपासून बचाव, पुरेशी विश्रांती हा सल्ला धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या स्त्रीला कागदावर देऊन भागत नाही. तिच्या मजुरीची भरपाई कोण करणार, हेही ठरावे लागते. प्रसूतीनंतर बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत अजूनही काही घरांत पाळली जाते. झटक्याची भीती त्या दिवसांत अधिक असल्याने रुग्णालयातून घरी पाठविताना ही गोष्ट सासूच्या समोर बसवून सांगावी.