कुटुंबांतर्गत इन्फ्ल्यूएंझाचा प्रसार व त्याचे निवारण

इन्फ्ल्यूएंझाच्या साथीचा विचार करताना शहर, प्रांत वा देश हे घटक सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. मृत्यूंचे आकडे दिले जातात. जहाजे, आगगाड्या व विमाने यांच्या मार्गांनी रोग कसा पसरला याची चर्चा होते. परंतु एका माणसाकडून दुसऱ्याकडे रोग जातो तो प्रत्यक्षात फार लहान जागेत, आणि अशा जागांपैकी अत्यंत महत्त्वाची जागा म्हणजे घर होय. घरातील माणसे एकाच हवेत श्वास घेतात, शेजारीशेजारी झोपतात, एकमेकांची शुश्रूषा करतात. बाहेरची गर्दी टाळता येते. घरातील आप्तांना टाळणे शक्य नसते, आणि पुष्कळदा इष्टही नसते. म्हणून घरात एक व्यक्ती आजारी पडल्यावर इतरांचे रक्षण कितपत व कोणत्या उपायांनी करता येते, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच समाजशास्त्राचाही आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईत इन्फ्ल्यूएंझाची पहिली लाट आली. सप्टेंबरपासून दुसरी व फार अधिक घातक लाट उसळली. हिंदुस्थानात त्या साथीत झालेल्या मृत्यूंचे निरनिराळ्या अभ्यासकांनी केलेले अंदाज सामान्यतः सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी या मर्यादेत पडतात. त्या मृत्यूंमध्ये दोन गोष्टी विशेष लक्षणीय होत्या. मुंबईत दलित वस्त्यांतील मृत्युदर युरोपियन रहिवाशांच्या मृत्युदराच्या कित्येक पट होता. आणि देशात पुरुषांपेक्षा स्त्रियांचा मृत्युदर अधिक होता. दाट वस्ती व कुपोषण ही पहिल्या गोष्टीची, तर अपुरा आहार व घरातील आजाऱ्यांच्या शुश्रूषेचा भार ही दुसऱ्या गोष्टीची कारणे म्हणून सांगितली जातात. घराची रचना आणि घरातील कामाची वाटणी यांचा रोगाशी किती निकटचा संबंध असतो, हे यावरून दिसून येईल.

रोगकारक व त्याचे संक्रमण

१९१८ मध्ये या रोगाचे खरे कारण ठाऊक नव्हते. १९३३ मध्ये लंडन येथे विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील स्राव फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांच्या नाकात घालून रोग उत्पन्न केला, आणि मानवी इन्फ्ल्यूएंझा हा विषाणुजन्य रोग असल्याचे सिद्ध झाले. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे एक पातळ आवरण असते. साबणाने हे आवरण विस्कटते व विषाणू निकामी होतो. साध्या साबणाचे महत्त्व आहे ते याच कारणाने.

रुग्णाकडून निरोगी व्यक्तीकडे विषाणू जाण्याचे मार्ग तीन. खोकताना, शिंकताना व बोलताना उडणारे मोठे तुषार जवळच्या माणसाच्या नाकातोंडावर वा डोळ्यांवर पडतात, हा पहिला. अत्यंत सूक्ष्म तुषार हवेत बराच वेळ तरंगत राहतात व श्वासावाटे आत जातात, हा दुसरा. दूषित वस्तूला लागलेला हात नाकाडोळ्यांस लावल्याने होणारे संक्रमण, हा तिसरा.

या तीन मार्गांचे सापेक्ष महत्त्व किती, याविषयी दीर्घकाळ वाद झाला. १९७७ मध्ये अलास्कात एक प्रवासी विमान यंत्रदोषामुळे काही तास जमिनीवर अडकून पडले. त्यांतील बराच वेळ वायुवीजन बंद होते. विमानात इन्फ्ल्यूएंझाची एक रुग्ण होती. पुढील तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. कोंडलेल्या हवेचा परिणाम याहून स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल. पुढे २०१८ मध्ये मेरिलंड विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णांच्या उच्छ्वासातील सूक्ष्म तुषार गोळा करून तपासले. त्यांतील ३९ टक्के नमुन्यांत जिवंत विषाणू आढळला. तो बाहेर पडण्यासाठी शिंक येणे आवश्यक नव्हते, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

वस्तूंच्या बाबतीत पृष्ठभागाचे स्वरूप निर्णायक ठरते. पोलाद व प्लॅस्टिक अशा गुळगुळीत पृष्ठभागांवर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकून राहिल्याचे प्रयोगांत आढळले. कापड व कागद यांवर मात्र तो ८ ते १२ तासांहून अधिक टिकला नाही, आणि हातांवर तर जेमतेम पाच मिनिटे. यावरून पाण्याचा पेला, दाराची कडी, नळाची तोटी व भ्रमणध्वनी यांची स्वच्छता रुग्णाच्या पांघरुणापेक्षा अधिक तातडीची ठरते.

काळाचे गणित

संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा कालावधी, म्हणजे परिपाककाल, इन्फ्ल्यूएंझात एक ते चार दिवसांचा, सरासरीने दोन दिवसांचा असतो. रुग्ण मात्र लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे एक दिवसापासूनच विषाणू बाहेर टाकू लागतो व त्यानंतर पाच ते सात दिवस टाकीत राहतो. लहान मुलांत हा काळ अधिक लांबतो. देवीसारख्या रोगात रुग्ण ओळखून त्यास वेगळे करणे हा उपाय प्रभावी ठरला, कारण तेथे लक्षणे दिसू लागल्यावरच संसर्गाला खऱ्या अर्थाने आरंभ होत असे. इन्फ्ल्यूएंझात ही सवलत नाही. घरच्यांना ताप कळतो तेव्हा संसर्गाचा काही भाग होऊन गेलेला असतो.

तथापि यावरून प्रतिबंध व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे चूक होईल. २००९ च्या साथीच्या वेळी अमेरिकेत २१६ कुटुंबांचा अभ्यास करण्यात आला. त्यांतील पहिल्या रुग्णाच्या सहवासातील ६०० व्यक्तींपैकी ७८ जणांना, म्हणजे १३ टक्क्यांना, श्वसनमार्गाचा तीव्र आजार झाला. ७२ टक्के कुटुंबांत दुसरे कोणीच आजारी पडले नाही. अठरा वर्षे व त्याखालील मुलांची ग्रहणशीलता १९ ते ५० वर्षे वयाच्या प्रौढांच्या दुप्पट आढळली. एका रुग्णाच्या आजारापासून त्याच्यामुळे होणाऱ्या दुसऱ्याच्या आजारापर्यंत सरासरी २.६ दिवस लोटत. अर्थात, घरात एक रुग्ण झाला म्हणजे सर्वांनी आजारी पडणे अपरिहार्य आहे, ही लोकसमजूत वस्तुस्थितीस धरून नाही. उपाययोजनेस अवकाश आहे. मात्र तो दिवसांत नव्हे, तासांत मोजावयास हवा.

दोन शहरांतील दोन प्रयोग

हाच मुद्दा हाँगकाँग येथील प्रयोगाने अधिक स्पष्ट केला. २००८ मध्ये तेथील काही कुटुंबांना केवळ आरोग्यविषयक माहिती, काहींना हात धुण्याची साधने व शिक्षण, तर काहींना हात धुण्याबरोबर मुखपट्ट्याही देण्यात आल्या. ज्या २५९ कुटुंबांचे विश्लेषण झाले, त्या सर्वांचा एकत्रित विचार करता गटांतील फरक निर्णायक ठरला नाही. परंतु रुग्णाला लक्षणे दिसल्यापासून ३६ तासांच्या आत ज्या १५४ कुटुंबांत उपाय सुरू झाले, त्यांत हात धुणे व मुखपट्टी हे दोन्ही उपाय करणाऱ्या गटात संसर्गाची संभाव्यता तुलना-गटाच्या सुमारे एक-तृतीयांशावर आली. उपाय तेच, फरक केवळ आरंभाच्या वेळेचा.

बँकॉक येथील प्रयोगाचा निष्कर्ष मात्र प्रतिकूल होता. २००८-०९ मध्ये ४४२ आजारी मुलांच्या कुटुंबांत हात धुणे व मुखपट्टी यांचा प्रसार करण्यात आला. पण संसर्ग कमी झाला नाही, तो सर्व गटांचा मिळून २१.५ टक्के राहिला. कारणांचा शोध घेता असे दिसले, की सुमारे ९० टक्के आजारी मुले आईवडिलांच्याच खोलीत झोपत होती. मुखपट्टीचा वापर अनियमित होता, आणि पुष्कळ संसर्ग उपाय सुरू होण्यापूर्वीच होऊन गेला असावा. दिवसा धुतलेल्या हातांनी मिळविलेले संरक्षण रात्रीच्या आठ तासांच्या एकत्र श्वासोच्छ्वासाने नाहीसे होत असेल, तर त्यात नवल नाही.

भारतीय वाचकास हा दुसरा प्रयोग अधिक परिचित वाटेल. आजारी मुलाला जवळ घेऊन झोपणे हे आपल्याकडे मातृधर्माचा भाग मानले जाते, आणि वेगळी खोली हा बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्यातील पर्यायच नाही. १९२० च्या दशकात मुंबईत बांधल्या गेलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोल्या १६० चौरस फुटांच्या होत्या, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या संपूर्ण कुटुंबे नांदली. ‘रुग्णास स्वतंत्र खोलीत ठेवावे’ हा पाश्चात्त्य पुस्तकांतील उपदेश अशा घरापुढे निरर्थक ठरतो. उपदेश पाळला न गेल्यास दोष रहिवाशाच्या अज्ञानाला दिला जातो. वास्तविक तो जागेच्या अभावाला दिला पाहिजे.

एका खोलीच्या घरातील उपाय

प्रश्न असा, की वेगळी खोली नसताना काय करावे? वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट हवा. रुग्णाचे अंथरूण खिडकीजवळ असावे व समोरासमोरची दारे-खिडक्या शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे रुग्णाकडील हवा घरात फिरण्याऐवजी बाहेर जाईल. पंखा लावल्यास त्याचा झोत रुग्णाकडून इतरांकडे येऊ देऊ नये. महाराष्ट्रात या रोगाचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत ओल व पाऊस यांमुळे खिडक्या बंद ठेवण्याची प्रवृत्ती होते. ‘वारा बाधतो’ या समजुतीने आजाऱ्याची खोली कोंडून ठेवणे इतरांच्या दृष्टीने अहितकारक होय. रुग्णास पांघरूण अधिक द्यावे, पण हवा अडवू नये.

दुसरी गोष्ट निजण्याची व्यवस्था. अंतर वाढविता येत नसेल, तर रुग्णाच्या डोक्याकडे इतरांचे पाय येतील अशा उलट दिशेने निजावे. सैनिकांच्या दाट बराकींत ही पद्धत अवलंबिली गेली आहे. तान्ही मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध, तसेच दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेल्या व्यक्ती यांची जागा रुग्णापासून सर्वांत दूर असावी. शक्य असल्यास काही रात्री त्यांची सोय शेजारी वा नातलगांकडे करावी. मात्र त्यांना लक्षणे दिसत नाहीत याची खात्री करून घ्यावी, नाहीतर रोग दुसऱ्या घरी जाईल.

तिसरी गोष्ट शुश्रूषा. ती शक्यतो एकाच प्रौढ व निरोगी व्यक्तीने करावी. हा भार रूढीने घरातील स्त्रीवरच पडतो. तीच स्वयंपाकही करते, तान्ह्या मुलालाही घेते. घरातील इतरांनी यांपैकी काही कामे वाटून घेतल्यास तिचे कष्ट हलके होतात, आणि रोगाची साखळीही तुटते. रुग्ण व शुश्रूषा करणारी व्यक्ती जवळ असताना दोघांनीही मुखपट्टी बांधावी. रुग्णाने खोकताना रुमाल वा कोपर तोंडापुढे धरावे. शुश्रूषेनंतर, स्वयंपाकापूर्वी व मुलास घेण्यापूर्वी साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत. आजारी मातेने स्तनपान बंद करण्याचे कारण नाही. मुखपट्टी बांधून व हात धुऊन ते चालू ठेवावे.

चौथी गोष्ट वस्तू. रुग्णाची भांडी कायमची वेगळी करण्याची आवश्यकता नाही. साबणाने घासल्यास ती निर्दोष होतात. मात्र न धुतलेला पेला वा चमचा दुसऱ्याने वापरू नये. कपडे नेहमीप्रमाणे धुऊन उन्हात वाळविणे पुरेसे आहे. कापराची पुडी जवळ बाळगल्याने वा घरात धूर केल्याने संसर्ग टळतो याला आधार नाही. धुराने उलट रुग्णाचा श्वसनमार्ग अधिकच क्षुब्ध होतो.

ताप उतरविणारे औषध न घेता ताप उतरून किमान २४ तास होईपर्यंत रुग्णाने शाळेत वा कामावर जाऊ नये. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला हा नियम परवडत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

लस व औषधे

लक्षणांपूर्वीच संसर्ग सुरू होत असल्याने, आजारापूर्वी केलेली तयारी श्रेष्ठ ठरते. विषाणूचे रूप सतत बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते. लस प्रचलित विषाणूशी जुळल्यास आजाराचा धोका सुमारे ४० ते ६० टक्क्यांनी घटतो. भारतातील बहुतेक भागांत पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, ती घेणे सयुक्तिक ठरते; श्रीनगरसारख्या ठिकाणी, जेथे साथ हिवाळ्यात येते, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ योग्य. सहा महिन्यांखालील बालकास लस देता येत नाही. त्याचे रक्षण गरोदरपणी मातेने घेतलेल्या लसीने व भोवतालच्या माणसांच्या लसीकरणानेच होते.

विषाणुरोधक औषधे ४८ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरतात. जपानमध्ये २०१८-१९ च्या हंगामात रुग्णांच्या कुटुंबीयांना बॅलॉक्झाव्हिर हे औषध प्रतिबंधार्थ दिले असता १.९ टक्के व्यक्ती आजारी पडल्या; औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १३.६ टक्के होते. रुग्णालाच ते औषध दिल्यास इतरांना होणारा संसर्ग १३.४ वरून ९.५ टक्क्यांवर येतो, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. ही औषधे अर्थात वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाची. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. त्यामुळे यकृत व मेंदू यांना इजा करणारा राय-लक्षणसमूह उद्भवू शकतो. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, भ्रम होणे, अथवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी कोणतेही चिन्ह दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

समारोप

वरील विवेचनाचा मथितार्थ असा, की कुटुंबातील संसर्ग पूर्णपणे थांबविणे शक्य नसले तरी तो बऱ्याच प्रमाणात कमी करणे शक्य आहे. त्यासाठी कोणताही एक उपाय पुरेसा नाही. हवा, अंतर, मुखपट्टी, साबण व लस यांपैकी प्रत्येकाचा वाटा अंशात्मक आहे आणि त्यांचे फळ एकत्रितपणेच मिळते. भारतीय घरांतील निजण्याची पद्धत, खिडक्यांची रचना व शुश्रूषेची वाटणी यांचा क्षेत्रीय अभ्यास मोठ्या प्रमाणावर होणे अगत्याचे आहे. परक्या घरांसाठी आखलेले नियम येथील घरांवर लादण्यापेक्षा येथील घर जसे आहे तसे समजून घेऊन नियम आखणे, हे या विषयातील पुढील संशोधनाचे कार्य होय.